पडद्यावर न दिसणारा गडी

'सैराट' सिनेमा कुणी केला, असं वैरागच्या स्टँडवर विचारा. नागराज मंजुळे, हे नाव लगेच येईल. जेऊरचे, आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले. मग अजय-अतुल. आर्ची-परश्या ही त्यातली जोडी तर येणारच. कटचं, म्हणजे दोन दृश्यं जोडणाऱ्या सांध्याचं, नाव मात्र कुणी घेणार नाही. त्यालाही ते नकोच असतं. प्रेक्षकानं ओळखलं की डाव फसला.

गडी मोठा बेरकी. पात्र खुर्चीतून उठायला लागलं की हा अर्ध्या उठण्यातच घुसतो. लांबचं दृश्य जातं, जवळचं येतं; आपली नजर हालचालीमागं धावत असते, सांधा ध्यानातही येत नाही. सेकंदाला चोवीस चौकटी, त्यातल्या दोन इकडं-तिकडं झाल्या की चांगला विनोदही पडतो.

स्वभावाचं म्हणाल, तर एकसारखा नाही. 'सैराट'च्या 'झिंगाट' गाण्यात नुसता उतावळा. थेटरात लोक उठून नाचले, त्यात ढोलाइतकाच याचाही हात. मालिकांत गेला की बिघडतो: एक थोबाडीत तीनदा दाखवतो आणि घरातल्या प्रत्येकाच्या तोंडावर थांबत बसतो.

त्याची खरी ताकद 'सैराट'च्या शेवटाला कळते. आर्चीच्या माहेरची माणसं दारात येतात, चहा होतो. बाहेर गेलेलं बाळ शेजारणीबरोबर परत येतं आणि एकटंच घरात शिरतं. मधलं सगळं कटनं गिळलेलं. हत्यार उगारलेलं दिसत नाही, किंकाळी नाही, आवाजच बंद. दिसतात ती पडलेली दोघं आणि रडत बाहेर निघालेल्या बाळाची रक्तानं उमटलेली पावलं. मारामारी दाखवली असती तर आपण मारणाऱ्यांवर चिडून मोकळे झालो असतो. न दाखवल्यामुळं ती आपल्याच डोक्यात घडते, घरी गेल्यावरही. 2016 च्या त्या सिनेमात या गड्याला वेसण घातली संकलक कुतुब इनामदार यांनी.

त्याआधी मंजुळेंच्याच 'फँड्री'त शेवटी जब्या या पोरानं भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो आणि सिनेमा तिथंच तुटतो. दगड कुणाला लागला, हे दाखवायला आणखी एक दृश्य जोडता आलं असतं. जोडलं नाही, म्हणून तो आपल्याला लागला.

पुढचा सिनेमा बघाल तेव्हा 'संकलन' या शब्दापुढचं नाव तेवढं वाचून घ्या.