पलटण

सूर्यास्ताआधी जेवणं उरकून कुंभारवाड्याला माहेरी सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. १ मार्च २०२४, प्रो कबड्डीची अंतिम लढत.

"पुणेरी पलटणीत हिरो कोण रे?"

भाचा म्हणाला, "एकच असा नाही, आत्या. अस्लम इनामदार, पंकज मोहिते, मोहित गोयत चढाया वाटून घेतात."

हरियाणा स्टीलर्सवर पलटण २८-२५ अशी जिंकली. मला मात्र वेगळंच भावलं. बाद झालेला गडी बाहेर बसतो. सोबत्यानं समोरचा गडी टिपला की परत आत येतो.

आजारपणापासून थोरल्या जाऊबाई स्वयंपाकघराबाहेरच बसून आहेत. 'आराम करा' म्हणत मीच सगळं अंगावर घेतलं, वर कुरकुरलेही.

सकाळी फोन लावला. "ताई, परवा येते. पुरण तुम्ही करायचं."

क्षणभर शांतता. मग, "डाळ किती घेऊ गं?"