केरीच्या ओसरीवरील जैतून

पवित्र मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आटोपून आम्ही डिचोलीहून पेडण्याकडे निघालो, तेव्हा पावसाने नुकतीच उघडीप दिली होती. रस्त्याच्या कडेने तांबडे पाणी वाहत होते. कोलवाळच्या पुलावरून शापोरा ओलांडली की पेडणे महाल लागतो आणि त्याच्या वायव्य टोकाला केरी. तेथून फेरीबोटीने तेरेखोलच्या किल्ल्यातील संत अंतोनीच्या चर्चमध्ये जाण्याचा आमचा बेत होता. तो फसला, कारण वाटेत एका ओसरीवर एका झाडाने आम्हांस अडविले.

घरची बाई विधवा, मुलगा तारवटी. बोटीवर जाण्यापूर्वी त्याने बंगळुराहून जैतुनाचे रोप आणून आईच्या स्वाधीन केले होते. “फादर, रोज सकाळी रोझरी झाली की दोन तांबे पाणी घालते. तरी पाने पिवळी पडतात. पोराचे काही बरेवाईट तर नसेल ना?”

प्रश्नाचा शेवट ऐकून आम्ही चपापलो. पानांचा आणि पोराचा काही संबंध नाही, हे आम्ही प्रथम निक्षून सांगितले. मग बाह्या सारून कुंडीपाशी बसलो.

जैतुनाचे पान दोन-तीन वर्षे जगते. खालची चार जुनी पाने पिवळी होऊन गळली, तर त्यात वावगे काही नाही. येथे मात्र कोवळे शेंडेही फिके पडले होते, आणि माती चिखलासारखी ओली होती. कुणा शेजाऱ्याने लोहाची उणीव म्हणून मातीत गंजके खिळे पुरले होते! आमच्या जांभ्या मातीला लोह कोण देणार? डिचोलीच्या खाणी त्यावरच चालल्या. कुंडी आडवी करून झाड काढले. तळाचे छिद्र बुजलेले, मुळे काळी आणि कुजकट वासाची. यरुशलेमेस वर्षाकाठी सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही हिवाळ्यात. आमच्या गोव्यात ३००० च्या आसपास, आणि बहुतेक सारा चार महिन्यांत. गेथशेमानी बागेतील तीन झाडांची खोडे सुमारे नऊशे वर्षांची असल्याचे संशोधकांनी २०१२ साली सांगितले. ती काही दोन तांब्यांवर वाढलेली नाहीत.

कुजकी मुळे स्वच्छ सुरीने छाटली, पांढरी व टणक तेवढी ठेवली. दोन भाग माती, एक भाग नदीची जाड वाळू, एक भाग फुटक्या कौलांचे तुकडे आणि मूठभर शिंपल्यांचा चुरा असे मिश्रण केले. (समुद्राची वाळू हाताशी होती, पण ती खारट, ती घेऊ नये.) कुंडी साधी, भाजक्या मातीची, मोठ्या छिद्राची घेतली आणि खालची थाळी काढून टाकली. पावसाळाभर ती पागोळ्यांच्या आत, पण उजेडात ठेवावी. पाऊस सरला की दिवसभर उन्हात. बोट दोन पेरे मातीत घालून कोरडे लागले तरच पाणी. नवी पालवी दिसेपर्यंत खत नाही.

मुलाने आईस घरच्या तेलाचे वचन दिले होते. राजस्थानात २००७-०८ च्या सुमारास इस्राएलच्या साहाय्याने जैतुनाची लागवड झाली. परंतु तेथे हिवाळा कडक. फुलोऱ्यास थंडीचे काही आठवडे लागतात, आणि ते केरीस मिळायचे नाहीत. हे सांगणे आम्हांस जड गेले. बाई म्हणाली, “तेल नको. झावळ्यांच्या रविवारी एक फांदी मिळाली तरी पुरे.”

नाताळच्या आधी आम्ही पुन्हा त्या ओसरीवर गेलो. शेंड्यांना रुपेरी पाठीची सहा पाने होती, आणि मुलाचे पत्र मेजावर होते. बाईंनी आमच्यासमोर मातीत बोट घातले, मान हलविली आणि तांब्या तसाच भरलेला आत नेऊन ठेवला.