आलेख आणि तुलनेचा न्याय

आकडे स्वतःच बोलतात, असे म्हणण्याची रूढी सुशिक्षितांत पडली आहे. परंतु पावसाच्या नोंदी, धरणांचे साठे आणि पिकांचे उतारे यांची कोष्टके मांडण्यात ज्याची हयात गेली, त्या माझ्यासारख्या सांख्यिकाला ही समजूत कधीच पटली नाही. कोणताही आकडा दुसऱ्या कशाच्या तरी शेजारी ठेवल्यावाचून अर्थ देत नाही, आणि तो कशाच्या शेजारी ठेवावयाचा हे ठरविण्याचा अधिकार सर्वस्वी मांडणाऱ्याच्या हाती असतो. आलेख काढणे, नकाशा रंगविणे, आकड्यांची हकीकत सांगणे या साऱ्या कलांचे मर्म माझ्या मते या एका निवडीत आहे; रेषा सुबक आहे की नाही, रंग मनोहर आहेत की नाहीत, हे प्रश्न त्यानंतरचे. घोटीच्या परिसरातील पाणी हा या विषयाचा मला लाभलेला सर्वांत मोठा गुरू, म्हणून त्याच्याच आधाराने हे विवेचन करतो.

घोटी हे इगतपुरी तालुक्यातील भाताच्या बाजारपेठेचे गाव. मुंबई-आग्रा महामार्ग आणि कसाऱ्याचा घाट चढून आलेला लोहमार्ग या दोहोंच्या काठी ते वसलेले आहे, आणि येथूनच पूर्वेला सिन्नरचा रस्ता फुटतो. हा रस्ता जेमतेम पन्नास किलोमीटरांचा; परंतु त्याच्या पश्चिमेकडील टोकाशी, इगतपुरीच्या घाटमाथ्यावर, वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील टोकाशी, सिन्नरला, तो सुमारे साडेपाचशेवर येऊन ठेपतो. सह्याद्रीची भिंत चढताना अरबी समुद्रावरील ढगांनी आपले ओझे उतरविले की पलीकडच्या मुलखाच्या वाट्याला उरलेसुरलेच यावयाचे, हा निसर्गाचा क्रम. आता या दोन्ही तालुक्यांना पोटात घेऊन नाशिक जिल्ह्याच्या पावसाची सरासरी सुमारे हजार मिलिमीटर निघते. हा आकडा गणिताच्या दृष्टीने निर्दोष आहे आणि तरीही तो जिल्ह्यातील या दोन्ही टोकांना लागू पडत नाही. इगतपुरीच्या शेतकऱ्याला तो थोडका वाटेल, सिन्नरच्या शेतकऱ्याला तो चैनीचा वाटेल.

तालुक्यांची नावे वर्णानुक्रमाने लिहून त्यांच्यापुढे पावसाचे आकडे भरण्याची कचेऱ्यांतील प्रथा दप्तराच्या सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु वर्णानुक्रमाने ढग चालत नाहीत. तेच आकडे रस्त्याच्या क्रमाने, म्हणजे घाटमाथा, इगतपुरी, घोटी आणि तेथून पुढे सिन्नरपर्यंत, एकाच पायारेषेवर उभ्या स्तंभांनी मांडले म्हणजे उतरत्या पायऱ्यांचा जो जिना दृष्टीस पडतो, तो पाहताच भात कोठे संपतो आणि बाजरी कोठे सुरू होते याचे कारण निराळे समजावून सांगावे लागत नाही. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या अमेरिकी संशोधकांनी 1984 साली प्रयोगांनी असे दाखविले, की एका पायारेषेवर मांडलेल्या स्तंभांची तुलना मानवी दृष्टी बरीच अचूक करते, पण कोन आणि क्षेत्रफळ यांचा अंदाज घेताना ती पुष्कळ चुकते. म्हणूनच वर्तुळाच्या फाका पाडण्यापेक्षा मी साधे स्तंभ पसंत करतो, आणि त्यांचा पाया शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे असा आग्रह धरतो. कारण पाया मधूनच कापला, की दहा टक्क्यांचा फरक दुपटीचा भासू लागतो आणि पाहणाऱ्याची फसवणूक होते.

स्थळाची सरासरी जशी भुलविते, तशीच काळाची. ज्या तालुक्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, त्याच तालुक्यातील डोंगरावरच्या वाड्यापाड्यांना वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, हे बाहेरच्या माणसाला प्रथम खरे वाटत नाही. वार्षिक बेरजेत हे दुःख दिसणार नाही. तो पाऊस चार महिन्यांत कोसळून काळ्या कातळावरून वाहून जातो, हे दाखविण्यासाठी वर्ष उलगडून मांडावे लागते. अशा आलेखाच्या तळाशी मी इंग्रजी महिन्यांबरोबर नक्षत्रेही लिहितो, कारण या भागातील शेती आजही नक्षत्रांवर चालते. मृगाआधी राब भाजून तयार ठेवावयाचा, मृगात रोप टाकावयाचे, आर्द्रा-पुनर्वसूत आवणी उरकावयाची, आणि हस्ताचा पाऊस कापणीला आलेल्या भातावर पडू नये म्हणून आकाशाकडे पाहावयाचे, असा हा तेरा-चौदा दिवसांच्या तुकड्यांनी मोजलेला हंगाम आहे. पुनर्वसूत पावसाने दडी मारली आणि आश्लेषांत तो दुप्पट बरसला, तर वर्षाची बेरीज शंभर टक्के भरूनही आवणी हुकलेली असते. महिन्यांच्या आलेखात ही खोट अर्धवट दिसते. नक्षत्रांच्या आलेखात ती शेतकऱ्याला स्वतःच्या बोटाने दाखविता येते.

एका पाड्यावरील ग्रामसभेत मी पावसाचे स्तंभ आणि विहिरीच्या पातळीची रेषा असा जोडआलेख भिंतीवर लावला होता व तळाशी सणांची चिन्हे काढली होती. अक्षरओळख नसलेल्या एका वृद्ध बाईंनी त्या रेषेवरून बोट फिरवीत नेले, ते शिमग्याच्या खुणेशी थांबविले आणि म्हणाल्या, “होळी झाली का हिरीला पाणी नाही. ते हितं दिसतंय.” पाण्याविषयीचा कोणताही सिद्धान्त मी त्यांना सांगितलेला नव्हता. आपल्या अनुभवाशेजारी तो आलेख ठेवून पाहण्याची मुभा त्यांना मिळाली, म्हणून तो त्यांचा झाला. आणि त्यानंतर सभेत जी चर्चा झाली ती पाऊस किती पडतो याविषयी न होता, तो होळीनंतरही कसा पुरवावा याविषयी झाली. आलेखाने वाचकाला योग्य प्रश्नापाशी आणून सोडले, की त्याचे कार्य झाले असे मी मानतो.

याहून कठीण कसोटी गोदावरीच्या खोऱ्यातील पाणीवाटपाची आहे. घोटीजवळचे दारणा धरण 1916 साली पूर्ण झाले. त्याचे पाणी नदीतून नांदूर-मधमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत आणि तेथून कालव्यांनी कोपरगाव-राहाता पट्ट्यात पोचते, आणि नदीतून खाली पैठणच्या जायकवाडीला मिळणारे पाणीही याच खोऱ्यातले. इगतपुरी तालुक्यातीलच ऊर्ध्व वैतरणेचे पाणी मात्र पश्चिमेला मुंबईकडे जाते. पावसाळा सरत आला, की वृत्तपत्रांत धरणसाठ्यांची चित्रे येतात: सर्व धरणांसाठी एकाच मापाच्या टाक्या, आणि प्रत्येकीत टक्केवारीइतका निळा रंग. दारणेची टाकी काठोकाठ भरलेली आणि जायकवाडीची तीस टक्क्यांवर, असे चित्र पाहून मराठवाड्यातील वाचकाच्या मनात संताप उसळणे स्वाभाविक आहे. परंतु दारणेची क्षमता सुमारे 7.15 टीएमसी (अब्ज घनफूट), आणि जायकवाडीचा उपयुक्त साठा 76.65 टीएमसी, म्हणजे जायकवाडीतील तीस टक्के हे तीन भरलेल्या दारणांहून अधिक पाणी आहे. हे पाहून नाशिककर म्हणतो, की मग तक्रार कशाची? तोही घाईने बोलतो; कारण जायकवाडीवर जालना, बीड, परभणीपर्यंतची शेती आणि अनेक शहरांची तहान अवलंबून आहे, आणि तीस टक्के पाणी त्या गरजेपुढे अपुरेच आहे. टक्केवारीचे चित्र एका पक्षाचे वकीलपत्र घेते, टीएमसीचे चित्र दुसऱ्याचे. आणि दोन्ही चित्रांतील प्रत्येक आकडा खरा असतो.

हा वाद मिटविण्यासाठी राज्याला शेवटी तुलनेचा नियमच ठरवावा लागला. 2005 च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने, मेंढेगिरी समितीच्या 2013 च्या अहवालाचा आधार घेऊन, सप्टेंबर 2014 मध्ये निर्णय दिला, की 15 ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. हे 65 टक्के म्हणजे जवळजवळ 50 टीएमसी, सात दारणांइतके पाणी. या खोऱ्याचा आलेख मी काढतो तेव्हा नदीच्या ओघाच्या क्रमाने धरणे मांडतो, प्रत्येकाचा साठा एकाच एककात दाखवितो, आणि त्याच्या शेजारी त्याच मापाने त्या धरणावरील मागणीचा स्तंभ उभा करतो. असा आलेख कोणाच्याही बाजूने घोषणा देत नाही. पण घोटीच्या माणसाला परभणीची आणि परभणीच्या माणसाला घोटीची अडचण एका दृष्टिक्षेपात कळण्याची शक्यता त्यात असते. लोकशाहीत भांडण अटळ असेल, तर ते एकाच चित्राभोवती व्हावे, इतकी तजवीज आमच्या व्यवसायाने केली पाहिजे.

आकड्यांतून कथा सांगण्याची परंपरा नवी नाही. प्लेफेअर या ब्रिटिश लेखकाने 1786 साली व्यापाराचे आकडे रेषांनी आणि स्तंभांनी मांडले. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक सैनिक मेले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने 1858 साली आकृतींनी दाखविले, आणि पुढे हिंदुस्थानातील आरोग्य व दुष्काळ यांचा अभ्यास करताना तिने पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही पत्रव्यवहार केला. पण आलेखावाचूनही आकड्यांची हकीकत किती प्रभावी होते, याचा आदर्श मला नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या मार्च 1902 मधील अंदाजपत्रकावरील भाषणात दिसतो. सरकार शिलकेचे आकडे समृद्धीचा पुरावा म्हणून पुढे करीत असता, एके काळी गणित शिकविणाऱ्या गोखल्यांनी त्याच आकड्यांशेजारी रुपयाचा चढलेला भाव, न घटविलेले कर आणि दुष्काळ व प्लेग यांनी पिचलेली रयत ठेवली. आणि शिल्लक ही सुबत्तेची खूण नसून जास्त वसुलीची खूण आहे, हे सिद्ध केले. त्यांनी नवा आकडा शोधला नव्हता. जुन्या आकड्याला त्याचा खरा शेजार मिळवून दिला होता. या कथनात कार्यकारणाची साखळी होती, आणि तिची प्रत्येक कडी सरकारी दप्तरातून तपासून घेता येत होती. कथेला आकड्यांची साक्ष असावी आणि साक्षीची उलटतपासणी करता यावी, ही या विद्येची मर्यादाही आहे आणि प्रतिष्ठाही.

तुलनेचे एकक कोणते घ्यावे, हा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. प्रादेशिक असमतोलाच्या अभ्यासासाठी 1983 साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने राज्याच्या सरासरीच्या मागे असलेल्या जिल्ह्यांची तूट मोजून 1984 च्या अहवालात सुमारे 3187 कोटी रुपयांचा अनुशेष दाखविला, आणि त्या एका संख्येने महाराष्ट्राच्या राजकारणाला पुढील कित्येक वर्षे एक भाषा दिली. हे त्या अहवालाचे मोठे यश होय. तथापि जिल्हा हे एकक घेतले, की इगतपुरी आणि सिन्नर एकाच बेरजेत विरघळतात, हेही तितकेच खरे. गावाची पैसेवारी काढताना हाच पेच लहान प्रमाणावर उभा राहतो: प्रमाण उत्पन्नाशी तुलना करून सबंध गावाचे पीक एका आकड्यात सांगावयाचे, आणि तो पन्नास पैशांच्या वर गेला की खाली यावर टंचाईच्या सवलती अवलंबून राहावयाच्या. ज्या गावात ओढ्याकाठची खाचरे आणि उतारावरची वरकस जमीन दोन्ही आहेत, तेथे उतारावरच्या कुटुंबाची कैफियत त्या आकड्यात शिरत नाही. एकच आकडा प्रशासनाला लागतो, हे मला मान्य आहे. पण त्याच्यासोबत पिकाचा पसारा किती वरखाली आहे हे दाखविणारी लहानशी आकृती जोडावयास काय हरकत आहे?

आलेखाने समोर आणलेल्या प्रश्नावर पाहणाऱ्यांनी स्वतःच निर्णय घ्यावा, याचे सर्वांत समाधानकारक उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने त्या अवर्षणप्रवण गावाने पाऊस आणि भूजल मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची शिस्त लावून घेतली, आणि त्या वर्षी कोणती पिके घ्यावयाची, कोणती टाळावयाची हे त्यावरून ठरू लागले. तेथे आकडे मोजणारे, पाहणारे आणि पाळणारे लोक एकच आहेत, म्हणून आकड्यावर विश्वास आहे. जेथे मोजणारा परका, चित्रकार दूरचा आणि आज्ञा तिसऱ्याची, तेथे कितीही देखणा आलेख भिंतीची शोभाच होऊन राहतो.

म्हणून घोटीच्या पंचक्रोशीतील ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे, की पर्जन्यमापकाची नोंद केवळ वर पाठविण्याचा कागद समजू नये. नक्षत्रवार पावसाचे स्तंभ, त्यांच्यावर विहिरीच्या पातळीची रेषा, आणि शेजारी मागील वर्षाची त्याच मापाची आकृती, एवढा एक फलक पंचायतीच्या भिंतीवर शाळेतील मुलांकडून दर पंधरवड्याला पुढे नेता येईल. त्यास संगणकाची गरज नाही आणि खर्चही फारसा नाही. पाणी कोणाला किती द्यावे, हे तो फलक सांगणार नाही. पण जी मुले तो हाताने भरतील, ती मोठेपणी कोणत्याही चित्रापुढे उभी राहिली असता, हे कशाशी ताडून पाहिले आहे आणि कशाशी ताडावयाचे राहिले आहे, असे प्रथम विचारतील. आणि ज्या समाजातील सामान्य माणूस हा प्रश्न विचारू शकतो, त्याला खऱ्या आकड्यांनी फसविणे कोणालाही सोपे जात नाही.