अजिंठ्यातल्या छिन्नीच्या खुणा

सारंगखेड्याहून पहाटे तीनला निघालेली आमच्या वस्तीची सहल सकाळी अजिंठ्याला पोचली. दहाव्या लेण्यात गाईडने खांबावरचे नाव दाखवले : जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली खरडलेले.

"आणि खांब कोरला त्याचं नाव?" आईने विचारले.

"मावशी, दान देणाऱ्यांची नावं आहेत. कारागिरांची कुठून असणार?"

चोविसावे लेणे अर्धवटच आहे, म्हणून तो घाई करू लागला. आई मात्र हलेना. १९७२ च्या दुष्काळी कामावर तिने खडी फोडलेली. छिन्नीच्या खुणा निरखत म्हणाली, "वरून खाली कोरत आलेत बघ. पडकी शिडी नको, पायाड नको."

गाईड थांबला. लेणी छतापासूनच कोरत, हे तो आम्हाला पुढे सांगणार होता.

सव्विसाव्या लेण्यात, महापरिनिर्वाण मूर्तीच्या पायाशी, आई बराच वेळ बसली.