खुडूक

परवा शाळेतून आलो तर मुलगी दारातच उभी. म्हणाली, "अब्बू, तांबडी आजारी आहे. सकाळपासून उठलीच नाही. हात लावला की टोचते."

परसात जाऊन पाहिलं. खुराड्याच्या कोपऱ्यात तांबडी पसरून बसली होती. पिसं फुगवलेली, शेपटी पंख्यासारखी. हात जवळ नेताच घशातून गुरगुरली. उचलून अंगणात ठेवली. घाईघाईने चार दाणे टिपले, पाणी प्यायली आणि 'कुक् कुक्' करत परत त्याच कोपऱ्यात. तिथे अंडं एकही नव्हतं, तरी बसली. आजारी कोंबडी मान टाकते, पंख लोंबवते, कुणी उचललं तरी विरोध करत नाही. ही तर भांडत होती.

"आजारी नाही गं," मी म्हटलं, "खुडूक झालीय."

बाजूच्या घरातून लगेच सल्ला आला. "सर, बादलीत बुडवा दोन-तीनदा. उतरेल खुडूक. आठ दिवसांत अंडी सुरू."

मी काही बोललो नाही. हा उपाय मी एकदा केलेला आहे.

बी.एड.ला प्रवेश मिळाला होता आणि फीसाठी घरात पैशांची जमवाजमव चालू होती. अब्बांच्या मजुरीचा भरवसा नव्हता. अम्माच्या चार कोंबड्या होत्या आणि अंड्यांचे पैसे तिचे स्वतःचे. ती ते पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि त्यातूनच माझ्या फॉर्मचे, बसच्या तिकिटाचे पैसे निघायचे. नेमकी तेव्हाच सगळ्यांत चांगली अंडी देणारी काळी खुडूक बसली. मी हिशोब केला. एकवीस दिवस बसणार, मग पिलांमागे दीड-दोन महिने हिंडणार. तोवर अंडी बंद. म्हणजे डबा बंद.

अम्मा लग्नाला गेली होती. गावात कुणी खुडूक कोंबडीच्या नाकात पीस घालायचे, कुणी पाण्यात बुडवायचे. मी बादली भरली. काळी फडफडली, गप्प झाली. सोडली तर ओल्या अंगाने थरथरत परत रिकाम्या पाटीत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही तेच. ती ओलीच बसायची.

अम्मा आली, तिने पाटीत हात घातला, ओलं गवत चाचपलं आणि माझ्याकडे पाहिलं. "कितनी बार डुबाया?"

"एक बार," मी म्हणालो.

ती एवढंच म्हणाली, "बीमार नै रे वो. बैठी है. बैठनेवाली को कामपर लगाना."

आता कळतं, ती म्हणत होती ते अगदी शास्त्रशुद्ध होतं. कोंबडीच्या मेंदूतल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ती खुडूक होते. अंडी घालणं थांबतं. छातीखालची पिसं ती स्वतः उपटते, म्हणजे उघडी गरम कातडी थेट अंड्याला लागते. दिवसातून एकदा, फार तर अर्धा तास उठते. त्या वेळची तिची विष्ठा भली मोठी आणि उग्र वासाची असते, कारण बाकीचा दिवस तिने ती रोखून धरलेली असते. वजन उतरतं, तुरा फिका पडतो. ज्याला आपण 'नुसती बसलीय' म्हणतो, तो तिच्या अंगावर निघणारा कष्ट असतो. पांढऱ्या लेगहॉर्नमधून माणसाने हा गुण निवडून-निवडून जवळजवळ काढून टाकला, कारण त्याला फक्त अंडी हवी होती. गावठी कोंबडीत तो अजून टिकून आहे.

पण अम्माकडे बसवायला अंडी नव्हती, सगळी विकलेली. शेजारच्या अक्कांकडे अंडी होती, पण त्यांची एकही कोंबडी खुडूक नव्हती. अर्ध्या वाट्यावर ठरलं. अंडी त्यांची, ऊब आमची.

अम्माने अकरा अंडी निवडली. आठवड्याच्या आतली, तडा नसलेली, न धुतलेली. प्रत्येकावर कोळशाची रेघ, म्हणजे दुसरी कोंबडी आत येऊन अंडं घालून गेली तर ओळखून काढता येतं. पाटीत राखेचा थर, वर वाळलं गवत. राखेने उवा-पिसवा कमी होतात. रात्री अंधारात एक-एक अंडं काळीच्या पोटाखाली सरकवलं. दिवसा जागा बदलली तर कोंबडी बिथरते, रात्री मात्र गुमान राहते. काळीने चोचीने अंडी आत ओढून घेतली. ज्या हाताने तिला तीन दिवस बुडवलं होतं, तोच हात कंदील धरून होता.

रोज सकाळी तिला उठवून दाणे-पाणी द्यायचं काम माझ्याकडे आलं. सातव्या रात्री अम्माने बॅटरीसमोर एकेक अंडं धरलं. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. दोन अंडी नुसतीच स्वच्छ उजळली, ती काढली. एकविसाव्या दिवशी कवचांना टिचक्या पडल्या. मी मदतीला हात घातला तर अम्माने तो बाजूला केला. घाईने कवच सोललं तर पिलू रक्ताळतं. पिलू पोटात बलक घेऊनच बाहेर येतं, दोन दिवस त्याला दाण्याचीही गरज नसते. आठ निघाली, एक कवचातच राहिलं. दोन घारीने नेली. उरलेल्या सहांतली तीन अक्कांची, तीन आमची. पाच-सहा महिन्यांनी आमच्यातले दोन कोंबडे विकले, त्यातून परीक्षेचा फॉर्म भरला गेला. फी मात्र अब्बांनी उसने पैसे आणूनच भरली होती. कोंबडीने माझं बी.एड. केलं, असं म्हणणं खोटं ठरेल.

उर्दूत या कोंबडीला 'कुडक' म्हणतात, मराठीत 'खुडूक'. शब्द बहुधा तिच्याच आवाजावरून आला असावा. दोन्ही भाषा शिकवतो म्हणून मला त्याची गंमत वाटते. पण वर्गात कुणी मूल गप्प बसलं की 'काय खुडूक बसलास?' असं मीही पूर्वी म्हणायचो. आता म्हणत नाही.

तांबडीखाली परवा रात्री नऊ अंडी ठेवली. ज्यांना पिलं नको असतील त्यांनीही बादलीकडे जाऊ नये. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, दाणे-पाणी देऊन, तीन-चार दिवस ठेवलं की पोटाची ऊब उतरते आणि कोंबडी बहुतेक वेळा आपोआप भानावर येते.

अंडी ठेवताना बॅटरी मुलीच्या हातात होती. मी तिला काळीची गोष्ट सांगत होतो. अम्मा जाऊन सहा वर्षं झाली. तिने पुन्हा कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

"तुम्ही तिला किती वेळा बुडवलं होतं?" मुलीने विचारलं.

"तीन वेळा," मी म्हणालो.