फारकतीचा माग

पणजीचं आधी एक लग्न झालं होतं, फारकत झाली आणि मग पाट लागला, एवढंच घरात ऐकलेलं. आज यवतमाळला त्याचाच माग काढत होतो.

कोर्टाचा निकाल मिळणं अवघडच. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ साली झाला. पण यवतमाळ तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात. आपल्याकडे तो आला १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने, आणि त्यानेही रूढीची फारकत मान्यच ठेवली. त्याआधी कितीतरी जातींत पंच बसायचे, काडीमोड व्हायची. लिखापढी झालीच तर एखादा फारकतनामा, तोही कुणाच्या तरी ट्रंकेत, कदाचित मोडी लिपीत.

म्हणून आडवाटेने जायचं. तहसिलीतलं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची नोंदवही, जुने फेरफार, अधिकार अभिलेख. १९०५पूर्वीचे कागद 'वणी' जिल्ह्याच्या नावाने शोधायचे, कारण यवतमाळ हे नाव जिल्ह्याला त्या साली मिळालं. कोतवाल बुकाचं पिवळं पान उघडलं: बापाचं नाव, जात, गाव, पुढे 'मुलगी झाली'. बाळंत झालेल्या बाईचं नावच नाही. ते फेरफारात सापडण्याची आशा जास्त, वारस म्हणून लागलं असेल तर.

आपल्या वंशावळीही अशाच, बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या. नको असलेला संसार सोडून दुसरा मांडणाऱ्या बाईचं धाडस त्यात मावत नाही. आमच्या वंशावळीत मी पणजीची दोन्ही लग्नं लिहिणार आहे, आणि मधली फारकतही.