वसमतला हळद

दिवाळीची सुट्टी लागली म्हणजे आमच्या घरात दोन वास एकदमच दरवळू लागतात. स्वयंपाकघरातून चकलीच्या भाजणीचा आणि माझ्या टेबलावरून लाल शाईचा! मुले गावोगाव पांगतात आणि मास्तरच्या पदरी वह्यांचा ढीग उरतो. यंदा त्या ढिगात एक वही अशी निघाली, की तिच्यापुढे माझी लेखणी अडली.

आमच्या हिंगोलीला 1903 सालापर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. साहेब गेले, त्यांची भाषा मात्र 2000 सालापासून राज्यातल्या पहिलीच्या वर्गात येऊन मांडी घालून बसली. ती शिकवण्याचे काम माझ्यासारख्याकडे आले. खरे सांगायचे तर मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. चार कादंबऱ्या नावावर आहेत, पण त्या मराठीत! इंग्रजी मी गाईडमधून शिकलो, आणि वाक्प्रचारासमोर जो अर्थ छापलेला असेल तो माझ्या लेखी वेदवाक्य. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणजे मुसळधार पाऊस. एखादे धीट पोर विचारते, "सर, आभाळातून कुत्री-मांजरं कशी पडतील?" मी म्हणतो, "पाठ कर." अरे बाबा, आपल्याकडे तरी आभाळातून मुसळे कुठे पडतात, असे उलट विचारण्याचे मला कधी सुचले नाही. 'वन्स इन अ ब्ल्यू मून' म्हणजे क्वचित, एवढेच मी सांगत आलो. आपल्या कपिलाषष्ठीच्या योगाची आठवण करून दिली असती, तर त्या निळ्या चंद्राची पोरांना इतकी धास्ती वाटली नसती!

तर या सातवीच्या वर्गाला श्रावणात मी दहा वाक्प्रचार फळ्यावर लिहून दिले होते. त्यांत एक होता 'टु कॅरी कोल्स टु न्यूकॅसल'. न्यूकॅसल हे इंग्लंडच्या ईशान्येला, टाईन नदीकाठचे बंदर. भोवताली कोळशाच्या खाणी. शतकानुशतके तेथून जहाजे भरभरून कोळसा लंडनला जात असे. अशा गावी कोळसा विकायला नेणारा शहाणा तो कोण? हिंदीत यालाच 'उलटे बांस बरेली को' म्हणतात. पण यातले काहीच मी वर्गात बोललो नाही. 'अनावश्यक काम करणे' असा अर्थ सांगितला आणि वाक्यात उपयोग करायला सांगून मोकळा झालो.

त्या वहीत, मोडक्या इंग्रजीत, एका मुलीने लिहिले होते : 'माय मामा टेक्स हळद टु वसमत.' त्यावर माझी लाल काट आणि शेजारी माझाच शेरा : 'चूक. अर्थ पाठ कर.' आता पाहतो तो काटेखाली पेन्सिलीने बारीक अक्षरांत दोन शब्द होते. मी ते तेव्हा वाचलेच नव्हते. 'आजी म्हणते.'

वाचकहो, आमच्या जिल्ह्याबाहेर ज्यांचे जाणे-येणे नाही त्यांनाही वसमतची हळद ठाऊक असते. शेतातून काढलेली हळद उकडायची, उन्हात वाळवायची, ढोलात घासून पिवळीधमक करायची आणि मोंढ्यात आणायची. सगळा मुलूख त्या रंगाने माखलेला. तेथे हळद न्यायची! न्यूकॅसलचा कोळसा त्या पोरीने जितका ओळखला, तितका तो माझ्या गाईडलाही ओळखता आला नव्हता.

गंमत अशी, की थोरामोठ्यांच्या चुका मात्र भाषा डोक्यावर घेते. स्पष्टवक्त्याला इंग्रज म्हणतो, हा फावड्याला फावडे म्हणणारा. प्लूटार्कच्या ग्रीकमध्ये मुळात फावडे नव्हतेच, काथवट होती! इरॅस्मस या महापंडिताने लॅटिन करताना तिचे फावडे केले, 1542 साली निकोलस यूडॉलने ते इंग्रजीत आणले आणि ते तेथे कायमचे रुजले. पंडिताची चूक वाक्प्रचार झाली; पोरीचा वाक्प्रचार मी चूक ठरवला. आल्फ्रेड मॅनवेअरिंग नावाच्या पाद्र्याने आपल्या मराठी म्हणी गोळा करून इंग्रजी अर्थासह 1899 साली ऑक्सफर्डला छापून घेतल्या. त्या परक्या माणसाने आपल्या आजीबायांच्या बोलण्याला कान दिला, आणि मला समोर बसलेल्या नातीचे ऐकू आले नाही.

श्रावणानंतर त्या मुलीने वर्गात एकदाही हात वर केला नव्हता. ते मला आता, वही हातात घेतल्यावर आठवले.

वसुबारसेच्या दिवशी वही घेऊन मी तिच्या गावी गेलो. दाराला कडी होती. ओसरीवर आजी बसली होती.

"बसा सर. टोळी दसऱ्याच्या दुसऱ्या दिशीच गेली की कारखान्यावर. मुकादमाची उचल घेतलेली. धाकट्याला कोन सांभाळल? म्हनून पोरीला बी नेलं."

"परत केव्हा येतील?"

"पाडव्याला येतील. ऊस संपला तर."

मी जरा घुटमळलो. मग विचारले, "आजी, वसमतला हळद नेली, असं तुम्ही म्हणता का हो?"

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "म्हन्ते की! हिचा मामा तसलाच हाय. जिथं जे पिकतं तिथं तेच इकाया जातो." मग एकाएकी तिचा चेहरा उतरला. "पोरीनं ते लिव्हलं काय? चुकलं का सर तिचं?"

"नाही आजी. माझं चुकलं."

तेथेच ओसरीवर बसून मी त्या लाल काटेशेजारी 'बरोबर' असे लिहिले, खाली तारीख घातली आणि सही केली. काट काही पुसली गेली नाही. लाल शाई पुसली जात नाही. आजीने वही कपाळाला लावली आणि आत जाऊन पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली ठेवली.

आता पाडव्याची वाट पाहायची. तोवर मी माझ्या गाईडच्या कोऱ्या पानावर वाक्प्रचारांची एक नवी यादी सुरू केली आहे. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे आमच्या आज्यांचे बोल. पहिल्या ओळीत वसमतची हळद आहे, आणि तिच्यापुढे त्या मुलीचे नाव.